गोव्यात ग्राहक सहकारी भांडार कसे उभारावे: आधी मागणी, मग सभासद, जागा सर्वांत शेवटी

ग्राहकांनी मिळून सहकारी दुकान काढायचे ठरते तेव्हा कामाचा क्रम बहुधा उलटा लागतो. आधी रस्त्यालगतची जागा पाहिली जाते, मग कपाटे येतात, उद्घाटनाला पाहुणे ठरतात आणि सभासद शोधायला माणसे सर्वांत शेवटी बाहेर पडतात. अशी संस्था थोड्याच काळात चार-पाच जणांच्या हातात जाते: जागेचा मालक, माल पुरवणारा घाऊक व्यापारी, सर्वांत मोठी रक्कम घालणारा आणि गल्ल्यावर बसणारा. पाटीवर ‘सहकारी’ शब्द राहतो, पैसा मात्र पूर्वी जिथे साचायचा तिथेच साचतो.

ग्राहकांच्या मालकीची संस्था संपत्ती एका जागी साचू देत नाही, याला दोन कारणे आहेत. मत माणसागणिक एक असते, मग त्याचे भाग (शेअर) कितीही असोत. आणि वर्षअखेरीचा वाढावा, म्हणजे खर्च जाऊन उरलेला पैसा, ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याच्याकडे परत जातो. पहिली गोष्ट कायदाच सांभाळतो. दुसरी तुम्हाला पोटनियमांत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमावलीत, लिहावी लागते आणि रोजच्या बिलात उतरवावी लागते. बहुतेक जण इथेच चुकतात, म्हणून खालच्या टप्प्यांत या गोष्टीला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

गोव्यात ‘बागायतदार’च्या दुकानांमुळे सहकारी दुकान कुणाला नवे नाही. पण ती मुळात बागायतदारांची, म्हणजे उत्पादकांची खरेदी-विक्री संस्था आहे. इथे आपण गिऱ्हाइकांची संस्था उभारतो आहोत, त्यामुळे तिचे नियम जसेच्या तसे उचलून चालणार नाही. सगळ्या कामाला सहा ते नऊ महिने धरा.

## टप्पा १: मागणी मोजा

एकमेकांपासून फार लांब नसलेले तीन-चार वाडे निवडा. प्रत्येक घराला एक कोरा तक्ता द्या. महिनाभरात कोणता माल आला, किती, कुठून आणि कोणत्या भावाने, एवढेच त्यात लिहायचे. उकडे तांदूळ, सुरय (न उकडलेले) तांदूळ, तूरडाळ, साखर, खोबरेल तेल, सुकी मिरची, चहा, साबण यांच्या ओळी आधीच छापून ठेवा. घरात सामान जो आणतो आणि वापरतो त्यानेच तक्ता भरावा. बहुतेक घरांत ती बाईच असते. बैठकीला आलेल्या पुरुषाने अंदाजाने सांगितलेल्या आकड्यांवर दुकान उभे करू नका.

‘संस्था निघाली तर आमच्याकडून घ्याल का?’ असे विचारलेत तर सगळे हो म्हणतील. ‘गेल्या महिन्यात साखर किती आणली आणि कितीला?’ असे विचारा.

दोन हंगाम वेगळे नोंदवा. मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी होते: पावसाळ्यासाठी तांदूळ, मिरची, सोलां (कोकम), मीठ, सुकी मासळी. आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या पंधरवड्यात गूळ, रवा, चण्याची डाळ, तूप आणि नारळ यांची मागणी एकदम चढते. बारा महिन्यांची सरासरी काढून बसलात तर या दोन्ही वेळी माल कमी पडेल, आणि नेमके तेव्हाच सभासद बाहेर वळतील.

आता हिशेब करा. खाली आकडे दाखल्यासाठी घेतले आहेत, तुमचे तुम्ही भरा. १५० घरे, प्रत्येकाचा किराणा दरमहा ४,००० रुपये. सगळा किराणा कुणीच एका दुकानातून घेत नाही, म्हणून घरामागे २,५०० धरा. महिन्याची विक्री ३,७५,००० आणि वर्षाची ४५ लाख झाली. सरासरी १० टक्के सुटतात असे मानले तर हाती ४,५०,००० येतात. खर्च असा: पगार १,९२,०००, भाडे ६०,०००, वाहतूक ४८,०००, वीज-छपाई-लेखापरीक्षण २४,०००, आणि मालाची घट विक्रीच्या एक टक्का म्हणजे ४५,०००. एकूण ३,६९,०००. वाढावा ८१,०००.

तीच संस्था ९० घरांवर चालवून पाहा. विक्री २७ लाख, सुटलेले पैसे २,७०,०००. घट तेवढी २७,००० वर येते, बाकीचे खर्च तसेच राहतात आणि एकूण खर्च ३,५१,००० होतो. वर्षाला ८१,००० रुपये तोटा. या हिशेबात १२० घरांवर तोंडमिळवणी होते, म्हणजे नफाही नाही आणि तोटाही नाही.

तपासा: तुमच्या आकड्यांनी तोंडमिळवणीला किती घरे लागतात? तेवढ्या घरांचे भरलेले तक्ते हातात नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. दुकान न काढता सामूहिक खरेदी सुरू करा: महिन्याला एकदा मागणी गोळा करायची, आगाऊ पैसे घ्यायचे, माल आणून देवळाच्या सभागृहात एका दिवसात वाटायचा. सहा महिने हे नीट चालले तर घरे आपोआप वाढतात. नाही चालले तर भाड्याची पावती तरी गळ्यात पडत नाही.

## टप्पा २: सभासद आणि भागभांडवल

वरच्या दाखल्यात मालाची किंमत महिन्याला ३,३७,५०० आहे. माल पंधरा दिवसांत फिरला तर एका वेळी साधारण १,७०,००० रुपये मालात अडकतात. वजनकाटा, फळ्या, अनामत यांना ६०,००० आणि अडीअडचणीला ७०,००० धरले तर ३ लाख लागतात. १५० सभासदांना ते माणशी २,००० पडतात. पाचशेचे चार हप्ते ठेवा, म्हणजे रोजंदारीवरचे घरही आत येते.

भाग घरात प्रत्यक्ष बाजार करणाऱ्याच्या नावावर असावा. नवऱ्याच्या नावावर भाग आणि बायकोच्या हातात पिशवी असे झाले, तर सर्वसाधारण सभेत मालाच्या दर्जाबद्दल बोलणारे कुणीच नसते.

कुणी हितचिंतक एकरकमी लाखभर रुपये द्यायला पुढे आला तर आभार माना आणि सगळ्यांच्या मर्यादेइतकेच घ्या. त्याचे मत एकच राहणार हे खरे. पण ज्याचा पैसा निघाला तर दुकान बंद पडेल, त्याच्या शब्दाला मतपेटीबाहेर फार वजन येते. एकाकडे किती भाग असावेत याला कायद्यात कमाल मर्यादा असते. तुमची मर्यादा तिच्या बरीच खाली ठेवा, या दाखल्यात माणशी ५,००० रुपये पुरे.

इशारा: नाममात्र सभासदांची भरती करू नका. त्यांना मत नसते. निम्मे गिऱ्हाईक नाममात्र असले की मालकी उरलेल्या निम्म्यांत एकवटते.

नोंदणीआधी जमणारा प्रत्येक रुपया नियोजित संस्थेच्या नावाच्या बँक खात्यात जायला हवा, आणि प्रत्येकाला त्याच दिवशी पावती मिळायला हवी. हे खाते कसे उघडायचे ते सहकारी संस्थांची नोंदणी करणाऱ्या निबंधक कार्यालयातून आधी समजून घ्या. मुख्य प्रवर्तकाच्या (संस्था उभारायला पुढाकार घेणाऱ्याच्या) स्वतःच्या खात्यात ‘तात्पुरते’ पैसे ठेवल्याने संस्था जन्माआधीच संशयात सापडते.

## टप्पा ३: पोटनियम

घाई करणाऱ्यांची सर्वांत महाग चूक इथे होते. नमुना पोटनियम आणायचे, नाव बदलायचे, सही करायची. नमुन्यात मोकळ्या ठेवलेल्या जागा तशाच राहतात किंवा एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे आकडे त्यात येऊन बसतात. दोन बैठका फक्त पोटनियमांसाठी ठेवा, एकेक कलम मोठ्याने वाचा, आणि खालची कलमे घातल्याशिवाय उठू नका.

परतावा. शब्द साधारण असे असावेत: ‘कायद्याने ठरवलेले निधी बाजूला काढल्यावर आणि भागांवर जास्तीत जास्त ५ टक्के लाभांश दिल्यावर उरलेल्या वाढाव्यातून सभासदांना त्यांच्या वर्षभराच्या खरेदीच्या प्रमाणात परतावा दिला जाईल.’ लाभांश आणि परतावा या वेगळ्या गोष्टी आहेत. लाभांश भागांवर मिळतो, परतावा खरेदीवर.

याने काय फरक पडतो ते आकड्यांत पाहा. समजा परताव्याचे कलम नाही, भागांना मर्यादा नाही आणि १२ टक्के लाभांश दिला. ३०,००० रुपये गुंतवून दुकानात पाऊलही न टाकणाऱ्याला ३,६०० मिळतात. २,००० चे भाग घेऊन वर्षभरात ३०,००० ची खरेदी करणाऱ्या बाईला २४० मिळतात, आणि दुकान तर तिच्या खरेदीवर चालते. आता आपल्या कलमाने तोच ८१,००० चा वाढावा वाटू. राखीव आणि इतर निधींना २१,००० गेले असे धरा. भागांवर ५ टक्के म्हणजे १५,०००. उरलेले ४५,००० हे ४५ लाखांच्या विक्रीवर बरोबर १ टक्का होतात. त्या बाईला १०० रुपये लाभांश आणि ३०० परतावा, मिळून ४००. पूर्ण ५,००० गुंतवून काहीच न घेणाऱ्याला २५०.

एक टक्का थोडा वाटेल. पण त्याचा रोख बरोबर आहे, आणि विक्री वाढत जाते तसा खर्च त्या मानाने वाढत नाही.

हितसंबंध. जागेचा मालक, संस्थेला माल देणारा आणि पगारी कर्मचारी यांच्यापैकी कुणीही, किंवा त्यांच्या घरातले कुणी, समितीवर असता कामा नये. गाव लहान असते, सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात, म्हणूनच ‘घरातले’ म्हणजे कोण याची यादी कलमातच लिहा: नवरा-बायको, आई-वडील, मुले, सून-जावई, सख्खी भावंडे.

समितीची फेरपालट. सलग दोन मुदतींनंतर एक मुदत विश्रांती. प्रत्येक वाड्याचा किमान एक प्रतिनिधी. महिलांसाठी कायद्याने जेवढ्या जागा राखाव्या लागतात त्याहून अधिक द्यायला तुम्हाला कुणी अडवत नाही, आणि किराणा दुकानात तर त्या द्यायलाच हव्यात.

भाग परत करणे. सोडून जाणाऱ्याला दर्शनी किमतीनेच पैसे परत. संस्था कितीही वाढली तरी भागाची किंमत वाढत नाही, म्हणून भाग विकत घेऊन साठवण्यात कुणाला रस उरत नाही. राखीव निधी वाटून घेण्यासाठी नसतो, हेही सभासद होतानाच सांगा.

उधारी नाही. हे पोटनियमात असले म्हणजे काउंटरवरच्या मुलाला शेजाऱ्याला नाही म्हणताना आधार मिळतो.

तपासा: बैठकीला न आलेल्या एखाद्या सभासदाला मसुदा वाचायला द्या आणि विचारा, ‘वर्षाला नफा झाला तर तुम्हाला किती मिळेल?’ त्याला उत्तर सांगता आले नाही तर कलम पुन्हा लिहा.

## टप्पा ४: नोंदणी

गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ आणि त्याखालचे २००३ चे नियम तुम्हाला लागू होतात. सहकारी संस्था निबंधकांचे मुख्य कार्यालय पणजीला पाटोवर सहकार संकुलात आहे. तुमचा तालुका कोणत्या विभागाच्या सहाय्यक निबंधकांकडे येतो ते आधी विचारून घ्या. अर्ज दाखल करण्यापूर्वीच पोटनियमांचा मसुदा आणि टप्पा १ चा हिशेब घेऊन तिथे एकदा बसा. त्रुटी तेव्हाच सुचवल्या जातात आणि नंतरच्या फेऱ्या वाचतात.

सोबत लागतात ते प्रवर्तकांच्या सभेचे इतिवृत्त, सभासदांची यादी आणि ओळखीचे पुरावे, भांडवल जमा असल्याचे बँकेचे पत्र, पोटनियमांच्या सह्या केलेल्या प्रती. नावांचे स्पेलिंग आधारकार्डाप्रमाणे सगळीकडे सारखे ठेवा. नाईक, गावकर, गावडे ही नावे एकेका वाड्यावर दहा-दहा घरांत असतात, त्यामुळे यादीत वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि घर क्रमांक हवाच.

## टप्पा ५: परवाने आणि वजनकाटा

नोंदणीचा दाखला मिळाल्यावर संस्थेच्या नावाने पॅन, बँक खाते, पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यवसाय परवाना, दुकाने व आस्थापना नोंदणी आणि अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी अथवा परवाना. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का हवा आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरतपासणी दरवर्षी करावी लागते. तारीख भिंतीवर लावा.

जीएसटीत दोन गोष्टी चुकतात. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांवर गेली की नोंदणी लागते आणि आपला दाखला ४५ लाखांचा आहे, तेव्हा पहिल्या दिवसापासून ती धरूनच चाला. छोट्या व्यवसायांसाठीच्या कंपोझिशन योजनेत व्यापाऱ्याला एक टक्का कर भरून सुटता येते, पण तो कर गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. बेळगावहून माल आणायला मात्र हरकत नाही.

दुसरी गोष्ट पिशव्यांची. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या आधीच भरून लेबल लावलेल्या तांदूळ, डाळी, पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. पोत्यातून गिऱ्हाइकासमोर सुटा मोजून दिला तर तो लागत नाही. रिकाम्या वेळी एकेक किलोच्या पिशव्या भरून ठेवण्याची सोय सभासदाला महाग पडते. शिवाय अशा पिशवीवर निव्वळ वजन, किंमत, भरल्याचा महिना, नाव-पत्ता हे सारे छापावे लागते. सुटा माल मोजून द्या.

## टप्पा ६: जागा आणि पहिला माल

जागेचा विचार इथे पहिल्यांदा करायचा. हमरस्ता लागत नाही, कारण गिऱ्हाईक कोण हे आधीच ठरलेले आहे. वाड्यांच्या मधोमध, टेम्पो दारापर्यंत येईल अशी कोरडी जागा बघा. भाडेकरार लेखी, तीन वर्षांचा, भाडेवाढ आधीच ठरवलेली. फर्निचरवर भांडवलाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक खर्च नको.

जागा शक्यतो पावसात एकदा बघून घ्या. गोव्याच्या पावसाळ्यात भिंतीला टेकलेले तांदळाचे पोते आठ दिवसांत ओल धरते. लाकडी फळ्या घाला, पोती भिंतीपासून हातभर लांब ठेवा आणि आधी आलेला माल आधी काढा.

सुरुवात चाळीस वस्तूंपासून करा. तक्त्यांत ज्या घरोघर आल्या त्याच. बिस्किटांचे वीस प्रकार आणि शॅम्पूच्या पुड्या भांडवल अडकवतात.

सुरू करायला जानेवारी-फेब्रुवारी चांगला. काउंटरवरच्या माणसाला दोन-तीन शांत महिने मिळतात आणि मग पुरुमेंत येते. त्यासाठी एप्रिलमध्येच सभासदांकडून मागणी आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या, म्हणजे भांडवल न ताणता घाऊक भावाने मोठी खरेदी होते. बेळगावकडून येणारा माल चोर्ला किंवा अनमोड घाटातून उतरतो. पावसात घाट अडला तर गाडी येत नाही, म्हणून जून ते ऑगस्ट आठवडाभराचा जादा साठा ठेवा. उकडे तांदूळ, नारळ, सोलां गावातल्या शेतकऱ्याकडून मिळत असतील तर आधी तिथे विचारा, पण भाव लेखी घ्या.

खरेदी तिघांनी मिळून करावी आणि दर तीन महिन्यांनी किमान तीन व्यापाऱ्यांचे भाव मागवावेत. एकाच पुरवठादाराची सवय लागली की संस्थेचा वाढावा हळूहळू त्याच्या खिशात सरकतो, आणि हिशेबात ते कुठेच दिसत नाही.

## टप्पा ७: रोजचा व्यवहार

भाव. बाजारभावानेच विका. पहिल्या उत्साहात किलोमागे चार-पाच रुपये कमी करायचा मोह होतो. त्याने घटीला आणि खर्चाला पैसा उरत नाही, सभासद नसलेले लोक स्वस्त माल उचलून नेतात आणि वर्षअखेर परताव्याला काही राहत नाही. स्वस्ताई परताव्यातून द्या. रोज द्यायचे ते पूर्ण वजन आणि चांगला माल.

सभासद क्रमांक. प्रत्येक बिलावर, अगदी वीस रुपयांच्याही. संगणक नसेल तर प्रत्येकाचे एक कार्ड ठेवा, त्यात तारीख आणि रक्कम लिहा, महिन्याला बेरीज करा. सुरुवातीच्या महिन्यांत हे टाळले तर मार्चमध्ये कुणी किती घेतले हे सांगता येत नाही आणि नाइलाजाने सगळा वाढावा भागांवर वाटला जातो. पोटनियम कितीही चांगले असोत, संस्था गुंतवणूकदारांकडे सरकते ती इथून.

उधारी. पसरकार (गावातला किराणा दुकानदार) उधार देतो आणि महिनाअखेर वसूल करतो, कारण तो आपल्या पैशाने जोखीम घेतो. तुमच्या दुकानातली उधारी इतर सभासदांच्या पैशातून जाते. ज्यांना रोज रोख देणे जमत नाही त्यांना महिन्याच्या सुरुवातीला जमेल तेवढी रक्कम भरून तिच्यातून माल नेऊ द्या. या रकमेवर व्याज कबूल करू नका. ती ठेव नाही, मालासाठीची आगाऊ रक्कम आहे.

पैसा. यूपीआयचा क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. व्यवस्थापकाच्या मोबाइलवर एक दिवसही पैसे घेऊ नका. रोख दुसऱ्या दिवशी बँकेत. धनादेशावर दोन सह्या, आणि त्या एकाच घरातल्या नकोत.

साठा. महिन्यातून एकदा, दुकान बंद ठेवून, समितीत नसलेल्या दोन सभासदांनी माल मोजावा. दर महिन्याला दोन नवी माणसे. तूट किती निघाली तो आकडा दुकानात लावा.

तपासा: सहा महिन्यांनी पाहा, एकूण विक्रीत सभासदांची खरेदी किती आहे? निम्म्याहून कमी असेल तर नवा माल आणण्याआधी न येणाऱ्या घरांत जाऊन कारण विचारा. बहुतेक वेळा ते तांदळाच्या दर्जात किंवा दुकानाच्या वेळेत सापडते.

## टप्पा ८: वर्षअखेर आणि परतावा

३१ मार्चला साठा मोजा, एप्रिलमध्ये हिशेब पुरे करा आणि लेखापरीक्षकाकडे द्या. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत घ्यायची असते. सप्टेंबरच्या टोकापर्यंत थांबलात तर चवथीत अडकाल, गणपूर्ती होणार नाही. जुलैत घ्या. रविवारी दुपारी, सभासद बायकांना येता येईल अशी वेळ ठरवा.

सूचनेसोबत ताळेबंद द्या आणि प्रत्येकाला त्याच्या वर्षभराच्या खरेदीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी द्या. सभेआधी पंधरा दिवस हरकतींना ठेवा. सभेत आधी लेखापरीक्षण अहवाल, मग निधींची तरतूद, मग लाभांशाचा दर, त्यानंतर परताव्याचा दर. हा क्रम बदलला तर लाभांश फुगतो आणि परताव्याला चिल्लर राहते. पहिल्या वर्षी वाढावा झाला नाही तर राखीव निधीला किंवा भांडवलाला हात लावून परतावा देऊ नका.

परतावा बँक खात्यात जमा करा आणि सभासद क्रमांकानुसार यादी दुकानात लावा. तिथे नावे लिहू नका, कुणाच्या घरात किती माल जातो हे गावाला कळण्याची गरज नाही. ज्याला हवे त्याच्या परताव्याचे नवे भाग करून द्या, पण ५,००० च्या मर्यादेत. न नेलेल्या रकमा वेगळ्या खाती दाखवा आणि त्यांची यादी पुढच्या वर्षीच्या सूचनेला जोडा.